घरचा सर्व्हर
(एका बडनेरकर कुटुंबाचा अनुभव)

प्रत्येक जुन्या घरांत एक तरी पेटी अशी असते कीं, तिची किल्ली एकाजवळ असते आणि तींतील वस्तूंवर हक्क मात्र सर्वांचा असतो. आमच्या बडनेऱ्याच्या घरांत ही पेटी माजघरांतील फडताळाखालीं आहे. तींत आमच्या आजोबांच्या चौदा रोजनिशा, घरखर्चाच्या मोडी वह्या आणि जुन्या पत्रांचे जुडगे आहेत. सारें कुटुंब एका छपराखालीं होतें तोंवर ज्यास पाहावयाचें त्यानें किल्ली मागावी आणि ओसरीवर बसून वाचावें, असा क्रम होता. सांप्रत आमच्या घराण्याचीं पांच बिऱ्हाडें आहेत : एक येथें, एक नागपुरास, दोन पुण्यास आणि एक कॅनडांत. पेटी एक आणि वाचणारे पांच घरचे. शिवाय मोडी वाचणारे घरांत आम्ही एकटे, तेही साठी उलटलेले. ह्या अडचणींतून आम्हीं जो मार्ग काढिला त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. आम्ही जुने मॅट्रिक. हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. तेव्हां यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. जें पाहिलें आणि जें पुतण्यानें समजावून दिलें, तें येथें सांगतों.

एकदां पोळलेलें तोंड

आमच्या थोरल्या बंधूंच्या षष्ट्यब्दिपूर्तीस सर्व बिऱ्हाडें एकत्र जमलीं होतीं. त्या समारंभाचीं छायाचित्रें आम्हीं एका परदेशी कंपनीनें दिलेल्या फुकट जागेवर ठेविलीं आणि सर्वांस तेथील पत्ता कळविला. कांहीं वर्षांनीं ती जागा बंद झाली. बंद होणार अशी सूचना आली होती. परंतु ती ज्या पत्त्यावर आली तो बंधूंचा होता, आणि बंधु तोंवर निवर्तले होते. मूळ छायाचित्रें ज्या संगणकांत होतीं तो भंगारांत गेला होता. सर्व भावंडें एका रांगेंत उभीं असलेलें तें शेवटचें चित्र. त्याची प्रत आज कोणाजवळही नाहीं.

असें नुकसान आमच्याच वांट्यास आलें असेंही नाहीं. लक्षावधि लोकांचीं घरगुती पानें ज्यावर होतीं तें अमेरिकेंतील ‘जिओसिटीज’ २००९ सालीं मिटलें. आपल्याकडील तरुण मंडळींचें आवडतें ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. ज्यानें फुकट ओसरी दिली त्यानें उद्यां दार लावून घेतलें, तर त्याच्याशीं भांडावयाचें कोणत्या हक्कानें?

बंधूंचे चिरंजीव येथेंच अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहेत. आजोबांच्या रोजनिशा सर्व बिऱ्हाडांस कशा वाचावयास मिळतील, हा विषय निघाला तेव्हां ते म्हणाले, “काका, पेटी आपली आहे, तर कपाटही आपलेंच असूं द्या. सर्व्हर घरींच ठेवूं.” हें ऐकून आमचें कुटुंब म्हणालें, “आणखी एक यंत्र? आधींच घरांत एक प्लग मोकळा नाहीं!” ह्या प्लगाची गोष्ट पुढें येईल.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे सेवक. मागणाऱ्यानें मागावें आणि त्यानें आणून द्यावें, एवढाच त्याचा धर्म. आपण मोबाइलच्या पडद्यावर एखादें पान उघडतों, तेव्हां तें आभाळांत कोठें तरंगत नसतें. कोठल्या तरी खोलींतील कोठल्या तरी यंत्राच्या पोटांत तें असतें, आणि आपली मागणी पोंचतांच तें यंत्र त्याची एक प्रत आपणांकडे रवाना करितें. वेबचा असा पहिला सर्व्हर १९९० सालीं जिनीव्हाजवळील ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली ह्यांनीं चालू केला. तो मेजावर मावणारा एक संगणकच होता. आणि कोणीं चुकून बटण दाबूं नये म्हणून ‘हें यंत्र सर्व्हर आहे, बंद करूं नका’ अशा अर्थाची हातानें लिहिलेली चिठ्ठी त्यावर डकविलेली होती. आपल्या देशांत सर्वसामान्यांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेव्हां तें टेलिफोनच्या तारेवरून मुंगीच्या पावलांनीं येई. आज बडनेऱ्यासारख्या गांवींही कांचेच्या तंतूची तार घरांत येते, म्हणूनच हा विचार संभवनीय झाला.

मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर थंड केलेल्या दालनांत हजारोंनीं असतात. आमचा सर्व्हर पत्त्यांच्या जोडाएवढा आहे. ‘रास्पबेरी पाय’ नांवाचीं हीं चिमुकलीं यंत्रें २०१२ पासून मिळूं लागलीं. जुना पडीक संगणकही हें काम करील. परंतु गृहस्थानें विजेचा हिशेब आधीं मांडावा. चिमुकलें यंत्र पांच वॅट घेतें असें धरिलें, तर दिवसाचे चोवीस तास व महिन्याचे तीस दिवस मिळून ३,६०० वॅट-तास, म्हणजे ३.६ युनिटें होतात. साठ वॅट खाणारा जुना संगणक तेवढ्याच वेळांत ४३.२ युनिटें घेतो. जुनें यंत्र फुकट मिळालें तरी पोसावयास महाग पडतें, हें गाईगुरें बाळगणाऱ्यांस नव्यानें सांगावयास नको.

एका वाड्याचा एक क्रमांक

यंत्र आलें, त्यांत पानें भरलीं, घरांतल्या घरांत तीं दिसूं लागलीं. पण नागपुराहून कांहीं दिसेना. ह्या एका अडचणीनें आमचे तीन आठवडे खाल्ले.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा पत्ता असतो. १९८१ सालीं ठरलेल्या पद्धतींत असे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ होऊं शकतात. तेव्हां हा आंकडा अपार वाटला असेल. आज पृथ्वीवरील माणसेंच आठशें कोटींवर आहेत. पत्त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें संपला. तेव्हांपासून पुष्कळ कंपन्या एकच पत्ता अनेक घरांस वांटून देतात. कल्पना करा कीं, एका मोठ्या वाड्यास नगरपालिकेचा क्रमांक एक आणि आंत बिऱ्हाडें चाळीस. आंतील भाडेकऱ्यानें पत्र धाडिलें, तर उत्तर आल्यावर दिंडीवरचा माणूस आठवणीनें तें त्याच बिऱ्हाडीं पोंचवितो. परंतु बाहेरचा अनोळखी मनुष्य आपण होऊन त्या क्रमांकावर आला, तर तो कोणाकडे आला हें दिंडीवरच्यास कळत नाहीं, आणि तो त्यास परत लावून देतो. आम्ही नागपूरकरांचीं पत्रें वाचूं शकत होतों. नागपूरकर आमच्या दारीं येऊं शकत नव्हते, त्याचें कारण हें.

आपलें घर अशा वाड्यांत आहे कीं काय, हें ओळखण्याची खूण सोपी आहे. घरांतील राउटरच्या पानावर त्यास बाहेरून मिळालेला पत्ता लिहिलेला असतो. त्याचा पहिला आंकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ ह्यांच्या दरम्यान असेल, तर तो वांटणीचा पत्ता समजावा. त्यासाठींच हे आंकडे २०१२ सालीं राखून ठेविले गेले. आमचा तसाच निघाला. कंपनीच्या मनुष्यास विचारतां पहिल्यानें “राउटर बंद करून पुन्हां चालू करा,” असें उत्तर मिळालें. दुसऱ्यानेंही तेंच सांगितलें. अखेर लेखी अर्ज करून, वार्षिक शुल्क भरून, स्वतंत्र आणि न बदलणारा पत्ता आम्हीं घेतला. अर्ज करण्यापूर्वी करारपत्र सबंध वाचावें. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालविण्यास कित्येक कंपन्यांची मनाई असते, आणि नियम मोडून आपला हक्क सांगणें शोभत नाहीं.

दुसरा मार्ग नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा आहे. त्यांची संख्या किती? ‘लीलावती’ग्रंथांत भास्कराचार्यांनीं एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानें सांगितलीं आहेत. परार्धास परार्धानें गुणिलें तरी ही संख्या त्याहून हजारों पटींनीं मोठी भरते. तेथें वाडा नाहीं, प्रत्येक यंत्रास स्वतःचें दार. परंतु येणाऱ्याकडेही नवी पद्धत असावी लागते. आमच्या पुण्याच्या एका बिऱ्हाडीं ती नव्हती. तिसरा मार्ग म्हणजे बाहेर एक लहानसें यंत्र भाड्यानें घेऊन घरच्या यंत्रानें त्याच्याशीं अखंड संबंध राखणें. ज्यांस स्वतंत्र पत्ता मिळत नाहीं त्यांनीं हा अवलंबावा.

आंकडे लक्षांत राहत नाहींत म्हणून नांव घ्यावें लागतें. २०१४ पासून ‘.भारत’ ह्या अक्षरांनीं संपणारें नांव देवनागरींत घेतां येतें. आम्हीं तें घेतलें. पानें येतां-जातां वाटेंत कोणीं वाचूं नयेत म्हणून लागणारा दाखला ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते. त्याची मुदत थोडी असते, पण यंत्र तो आपोआप नवा करून घेतें.

वेगाचाही हिशेब करावा. येथें पाहावयाची ती घरांत येणारी गति नव्हे, घराबाहेर जाणारी. ती बहुधा कमी असते. आमची सेकंदास ४० मेगाबिट आहे. रोजनिशीच्या एका पानाचें चित्र २ मेगाबाइट, म्हणजे १६ मेगाबिट. भागाकार अडीच. सेकंदास अडीच पानें! आमच्या पांच बिऱ्हाडांत इतक्या वेगानें वाचणारा कोणी निपजलेला नाहीं.

रात्रीचें ठोठावणें

यंत्रास रेल्वे स्टेशनाप्रमाणें क्रमांकाच्या खिडक्या असतात, ६५,५३५ पर्यंत. वेबपानें मागण्याच्या खिडक्या ८० आणि ४४३. पुतण्यानें ह्या दोन उघडिल्या, आणि बाहेरगांवाहून यंत्राची देखभाल करतां यावी म्हणून आणखी एक उघडी ठेविली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें यंत्राची नोंदवही दाखविली. त्या एका रात्रींत त्या तिसऱ्या खिडकीवर शेंकडों ठोठावणीं झालीं होतीं. कोणी ‘रूट’ म्हणून, कोणी ‘अ‍ॅडमिन’ म्हणून, कोणी निरनिराळे परवलीचे शब्द घालून दार ढकलीत होतें. वहिनी घाबऱ्या होऊन म्हणाल्या, “भाऊजी, हीं माणसें घरांत तर शिरणार नाहींत?”

तीं माणसें नव्हतींच. जगांतील प्रत्येक दारावर हात मारीत फिरणारे कार्यक्रम कोणी कोणी सोडून ठेविले आहेत. ज्याचें दार लोटलें गेलें तो नागवला. त्याच दिवशीं आम्हीं नियम ठरविले. तिसरी खिडकी बाहेरच्यांस बंद. परवलीच्या शब्दाऐवजीं कोणास ओळखतां न येणारी किल्लीची फाइल. यंत्रावरील कार्यक्रमांची डागडुजी रोजच्या रोज आपोआप. आणि घरांतील इतर मोबाइल-संगणकांपासून हें यंत्र निराळ्या जाळ्यावर, म्हणजे चोर दुर्दैवानें ओसरीवर आलाच तरी माजघरांत पोंचूं नये. ज्यास एवढी दक्षता नित्य बाळगणें शक्य नाहीं, त्यानें घरीं सर्व्हर ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वहिनींचा प्रश्न

परंतु चोरापेक्षां मोठा प्रश्न घरांतूनच आला. सर्व रोजनिशा जगास खुल्या कराव्या, असा पुतण्याचा आग्रह होता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तो मोह होता. वऱ्हाडांतील कापसाचे भाव, रेल्वेनें येणारीं-जाणारीं माणसें, लग्नांचे खर्च. अभ्यासकांस ह्यांत पुष्कळ सांपडेल. एके संध्याकाळीं आम्ही आठवी वही वाचून दाखवीत होतों. तींत आमची आत्या सासरहून कायमची परत आली त्या दिवसांची हकीकत आहे. आजोबांनीं कांहीं लपविलेलें नाहीं. वहिनी मध्येंच म्हणाल्या, “त्यांनीं हें स्वतःजवळ लिहिलें. तुम्ही तें चौकांत वाचावयास निघालांत. आत्याबाईंस विचारलेंत?”

आत्या जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. आम्हीं नागपुरास तिच्या मुलीस पत्र लिहिलें आणि सोबत त्या पानांची नक्कल पाठविली. उत्तरास महिना लागला. आलें तें दोन ओळींचें : ‘वाचलें. आईचें हें घरांतच राहूं द्या.’ आम्हीं तें शिरसावंद्य मानिलें, आणि त्या दिवशीं साऱ्या कागदांचे तीन ढीग केले. पहिला जगासाठीं : भाव, पाऊसपाणी, सण, प्रवास. दुसरा पांच बिऱ्हाडांसाठीं, स्वतंत्र किल्लीनें उघडणारा. तिसरा पेटीसाठींच, तो यंत्रांत गेलाच नाहीं. सर्व्हर घरचा असल्याचा मोठा लाभ आम्हांस येथें कळला. कोणतें पान कोणास दाखवावें हें आम्ही ठरवितों, आणि चूक झाल्यास सकाळीं उठून दुरुस्तही करतों. मात्र जगानें एकदां नक्कल करून घेतलेलें पान परत मागवितां येत नाहीं. म्हणून संशय आला कीं पान दुसऱ्या ढिगांत, असा वहिनींनीं घालून दिलेला दंडक आहे.

ऊन, वीज आणि मिक्सर

आमच्या भागांतील वैशाख वाचकांस ठाऊकच आहे. पारा पंचेचाळिसांच्या घरांत गेला कीं माणसें ओलें फडकें डोक्यावर घेतात. यंत्रास तसें करतां येत नाहीं. प्रथम तें पत्र्याखालच्या खोलींत होतें, तेथें तापून मंद झालें. आतां तें माजघरांत, जाड मातीच्या भिंतीजवळ, पेटीच्या बाजूसच आहे. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर चालतें. पण एकदां रस्ता खणतांना तार तुटली, तेव्हां दोन दिवस सारें बंद होतें. म्हणून ज्यांचा धंदा किंवा ज्यांच्या रोग्यांचे कागद यंत्रावर अवलंबून असतील, त्यांनीं घरच्या सर्व्हरच्या भरीं पडूं नये. आजोबांची वही दोन दिवस उघडली नाहीं तर कोणाचें अडत नाहीं.

सर्वांत मोठा आघात दिवाळींत झाला. चकलीची भाजणी दळावयाची म्हणून आमच्या कुटुंबानें यंत्राची पिन काढून तेथें मिक्सरची लावली. वीज अचानक तोडल्यामुळें यंत्राच्या कार्डांतील कांहीं पानें वाचेनाशीं झालीं. प्रती होत्या म्हणून निभावलें. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरीं असावी, असा ह्या विद्येंत नियम आहे. आमची तिसरी प्रत पुण्यास भगिनींच्या कपाटांत असते आणि दर सहा महिन्यांनीं बदलली जाते. दुसऱ्या दिवशीं वहिनींनीं कागदाच्या चिठोऱ्यावर ‘बंद करूं नये’ असें लिहून प्लगावर डकविलें. जिनीव्हाची गोष्ट त्यांना कोणीं सांगितली नव्हती!

मंगळवारचा विद्यार्थी

पहिल्या ढिगांत १९३६ सालची एक नोंद आहे. आमच्या घरीं दर मंगळवारीं वार लावून जेवणारा एक मुलगा होता. मूर्तिजापूर तालुक्यांतील एका खेड्यांतला, वडील नसलेला. त्यास ताप भरला तेव्हां आजीनें त्यास अकरा दिवस घरींच ठेवून घेतलें, एवढेंच तींत लिहिलें आहे. त्याच्या घरचें कोणी आम्हांस ठाऊक नव्हतें, म्हणून दंडकाप्रमाणें नांव-आडनांव गाळून फक्त गांव ठेविलें होतें.

गेल्या पावसाळ्यांत अकोल्याहून एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आलें. त्यांची नात आपल्या मूळ गांवाविषयीं कांहीं शोधीत असतां तें पान तिच्यासमोर आलें. गृहस्थांनीं लिहिलें होतें : ‘माझे वडील त्या सुमारास बडनेऱ्यास शिकत असत. ते हयातभर दर मंगळवारीं एक पान जास्त वाढावयास लावीत, आणि कोणी तरी येईतों थांबत. कारण आम्हांस त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं.’

ते आले तेव्हां वहिनींनीं पेटी उघडली आणि मूळ वही त्यांच्या हातीं दिली. मोडी त्यांना येत नव्हती. आम्हीं त्या मागील-पुढील दोन महिन्यांतील त्यांच्या वडिलांचा प्रत्येक उल्लेख वाचून दाखविला. जातांना आम्हीं विचारलें, “नांव घालावें काय?” ते म्हणाले, “घाला. त्यांनीं लाज म्हणून झांकलें नव्हतें. ऋण म्हणून झांकलें होतें.” त्या पानावर आतां नांव आहे.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांनीं सर्व्हर ठेवावाच, असें आम्ही म्हणत नाहीं. आरंभ पानांचीं चित्रें घेण्यापासून करावा आणि तीन प्रती कराव्या. कागदास वाळवी लागते, ती कोणासाठीं थांबत नाहीं. मग घरांत एखादा उत्साही मुलगा किंवा मुलगी असेल तर पुढचें करावें. मात्र सारें ज्ञान एकाच डोक्यांत ठेवूं नये. आमच्या यंत्राजवळ एक शंभर पानी वही आहे. यंत्र कसें सुरू करावें, नांवाचें शुल्क कोणत्या महिन्यांत भरावें, किल्ल्या कोठें आहेत, प्रत कोणाकडे आहे, हें सर्व तींत मराठींत लिहिलें आहे. पुतण्या पुढील वर्षीं नोकरीस बाहेर जाईल. ती वही सध्यां वहिनी वाचीत आहेत, आणि कळलें नाहीं तेथें पेन्सिलीनें खूण करीत आहेत.